कोरडे डोके, नाचरा कापूर

आमच्या वाडीत बाप्यामाणसाच्या डोक्याला तेल नसले की त्याचा एकच अर्थ होत असे: घरात कोणीतरी गेले. सुतकात तेल लावायचे नाही, हे गिरगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मलाही होते. तरी मी पंधरवडाभर कोरडे ठणठणीत डोके घेऊन त्या वाडीतून ये-जा केली, आणि बघणारे काय समजतील हा विचार एकदाही मला शिवला नाही. शास्त्राच्या नादी लागले की असे होते, असे मी पुढे म्हणत असे. आमचे कुटुंब म्हणत असे, "शास्त्राला कशाला बोल लावायचा? अंतरपाट दूर झाला तेव्हाही आपण भलतीकडेच बघत होतात."

मुंबईत प्लेग यायच्या थोड्या आधीची ही गोष्ट. मी गिरगावातल्या एका शाळेत शास्त्र शिकवत असे. म्हणजे फळ्यावर लोहचुंबकाचे चित्र काढत असे, कारण शाळेत दाखवण्यापुरताही लोहचुंबक नव्हता. अशात वाचनालयात विलायतेचे एक शास्त्रीय साप्ताहिक माझ्या हाती पडले आणि माझी झोप उडाली.

त्यात पाण्यावरच्या तेलाविषयी लिहिले होते. स्वच्छ पाण्यावर कापराचे बारीक तुकडे टाकले तर ते आपोआप गरगर फिरतात, धावतात, एकमेकांना धडकतात. त्याच पाण्याला तेलाचे नुसते बोट लागले की जागच्या जागी ठार. मग विलायतेतल्या एका विद्वानाने काय करावे? आंघोळीचे मोठे टब घेतले, त्यात पाणी भरले, आणि कापूर थांबवायला कमीत कमी किती तेल लागते ते तोलून पाहिले. तेलाचे वजन कळले, पाण्याचा पसारा कळला, तेव्हा थराची जाडी भागाकाराने निघते. निघाली ती इतकी कमी, की तसे हजारो थर एकावर एक रचावेत तेव्हा कुठे आपल्या साध्या कागदाची जाडी भरेल! जर्मनीतल्या एका बाईने तर हा उद्योग आपल्या स्वयंपाकघरात, एका पत्र्याच्या तबकात केला होता. पाण्यावर आडवी पट्टी ठेवून ती सरकवायची, म्हणजे अदृश्य तेल केर लोटावा तसे एका बाजूला लोटता येते.

माझे डोके फिरले ते पुढच्या विचाराने. तेल पसरत पसरत इतके पातळ झाले, की त्याहून पातळ होणे त्याला शक्यच नसावे. कारण खाली एकेकच कण उरला. तो फोडला तर तेलच राहिले नाही. आमच्याकडे कणादापासून लोक परमाणूबद्दल बोलत आले. इथे तो चक्क परातीत पसरून ठेवता येत होता!

हे लोकांना सांगितलेच पाहिजे, आणि आपल्या भाषेत, असे मी ठरवून टाकले.

वाडीपासून चार पावलांवर एक सार्वजनिक वाचनमंदिर होते. त्याच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी एका बुवांचे पुराण चाले. मंदिराचे अध्यक्ष कोर्टातून निवृत्त झालेले मुनसफ होते. गृहस्थ सज्जन, पण समोरचा माणूस आरोपी आहे असे धरूनच बोलत. मी त्यांच्याकडे शनिवार मागितला. मराठीतून शास्त्रावर व्याख्याने, वर्षभर.

"शास्त्र? आणि मराठीत?" ते म्हणाले. "अहो गुरुजी, मराठीत भांडण होतं, भजन होतं, वरणाला फोडणी देता येते. शास्त्र कसं होईल?"

"होईल रावसाहेब. मी करून दाखवतो."

"दाखवता? बरं. मग दाखवाच. नुसतं बोलायचं नाही. या कानानं ऐकलेला पुरावा मी पस्तीस वर्षं फेटाळत आलोय. एक शनिवार देतो. लोकांना डोळ्यांनी दिसलं तर वर्षभराचे शनिवार तुमचे. नाही दिसलं तर बुवांचं पुराण सुखानं चालू राहील, आणि तुम्ही पुन्हा या दारात हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. तोवर मी कापराचा एकही तुकडा पाण्यावर टाकून पाहिला नव्हता.

घरी येऊन कणकेची परात घेतली, पाण्याने भरली, देवघरातला कापूर चुरून टाकला. कापूर मेल्यासारखा पडून राहिला. परात पितळेची, आमची आई तेलाचा हात लावून तिच्यात कणीक तिंबत असे. राखेने घासली. कापूर पडूनच. मग ध्यानात आले, की देवघरातल्या डबीत कापूर आणि तुपात भिजवलेल्या फुलवाती गुण्यागोविंदाने एकत्र नांदत होत्या. औषधवाल्याकडून नवा कापूर आणला. परातीवरचा विश्वास उडाला म्हणून लालबागेच्या एका पत्रेवाल्याकडून हातभर लांब, वीतभर रुंद असे उथळ तबक करवून घेतले. तो पत्रेवाला पुनःपुन्हा विचारत होता, "पण मास्तर, ह्याच्यात भाजायचं काय?" तबक ट्राममधून मांडीवर घेऊन आणले, आणि शेजारच्या गृहस्थाने त्यात आपली पानाची चंची ठेवली. घरी उकळते पाणी, राख, पुन्हा उकळते पाणी. तबक काठोकाठ भरायचे, थोडे ओसंडू द्यायचे, पट्टीने वरचे पाणी लोटायचे. मग चाकू विस्तवावर तापवून कापूर खरवडायचा आणि चाकूच्या टोकानेच पाण्यावर सोडायचा.

आणि एके सकाळी तो नाचला!

एक तुकडा भोवरा झाला, दुसरा त्याच्या मागे लागला, तिसरा काठाकाठाने पळाला. मी ओरडलो. आमचे कुटुंब चुलीपाशी होते ते पदर सावरत आले. आई आली. आम्ही तिघे तबकावर वाकलो.

"अगं बाई," आई म्हणाली, "ह्यात किडे पडलेत."

"किडे नव्हे आई, कापूर आहे. हे बघ, हा असा..." असे म्हणून मी बोट दाखवले आणि उत्साहाच्या भरात ते पाण्याला लागले. सगळे तुकडे एकदम थिजले.

"मेले," आई म्हणाली आणि आत गेली.

माझा शत्रू तेव्हा मला सापडला. तो म्हणजे मी. विचार करताना डोक्यावरून हात फिरवायची आणि मिशीला पीळ द्यायची मला सवय. दोन्ही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ खोबरेल. बोटे राखेने घासावीत, पाच मिनिटांत मी विचार करू लागे, आणि कापूर मरे. साबण लावून पाहिला. साबण म्हणजे तेलाचाच धाकटा भाऊ, तो तर वडील भावापेक्षा वाईट. आमचे कुटुंब म्हणे, "विचार करणं सोडा म्हणजे झालं. शाळेत कुणाला कळायचंही नाही."

सवय सुटेना. तेव्हा मी तेल सोडले. व्याख्यान होईपर्यंत डोक्याला, मिशीला, अंगाला तेलाचा स्पर्श नाही! रोज रिठ्याने डोके धुवायचे. केस सुगरणीच्या घरट्यासारखे झाले, मिशा दोन दिशांना उभ्या राहिल्या, पण कापूर नाचू लागला. रोज, हमखास. पट्टी लोटली की एका बाजूला नाचे. पट्टी उचलली की पलीकडे लोटलेले अदृश्य तेल झेपावून येई आणि नाच बंद. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मी हाताने उघडझाप करत होतो. बारशापासूनच्या आयुष्यात इतका मोठा मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

व्याख्यानाच्या शनिवारी सकाळी मी मोरीशी बसून तबक घासत होतो. तेवढ्यात ओटीवर रडण्याचा आवाज आला. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू आईच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि आई काही न कळून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आम्हाला परक्या समजलात ना वहिनी," काकू हुंदके देत होत्या. "पंधरा दिवस बघतोय आम्ही. पोराचं डोकं कोरडं, तोंड उतरलेलं. तुमच्या कपाळावर कुंकू मात्र तसंच! म्हटलं, पोरानं आईला सांगितलंच नाही की काय? शेवटी राहवेना म्हणून आले."

माझे वडील कोकणात घरी असत. वाडीने आपसात खटला चालवून त्यांना केव्हाच मृत ठरवले होते. प्रश्न एवढाच उरला होता, की मी ही बातमी आईपासून दडवली आहे की दोघांनी मिळून वाडीपासून.

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वडिलांचा उल्लेख ती नेहमी 'तिकडे' असा करी.

"खरं सांग. तिकडे काय झालंय? तार कधी आली?"

"आई, काही नाही झालं! परवाच त्यांचं कार्ड आलं ना? आंब्यांबद्दल लिहिलंय. तूच ऐकलंस."

"मग डोक्याला तेल का नाही?"

"कापरासाठी."

हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. पण असे उत्तर आपल्या आईला त्या वेळी कोणी देऊ नये. तिने आधी कार्ड पुन्हा वाचून घेतले, वडिलांचेच अक्षर असल्याची सुनेकडून खात्री करून घेतली, मग खाली बसली आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि तिचा आवाज बदलला.

"जित्या माणसाचं सुतक धरलंस? स्वतःच्या बापाचं? माझ्या कुंकवावर उठलास त्या मेल्या कापरासाठी? सूनबाई, खोबरेलाची वाटी आण. मोठी आण."

"आई, आजच्या दिवस नको. आज व्याख्यान आहे. वर्षभराचे शनिवार आहेत. उद्या ओत, हवं तर डबाभर ओत."

"वर्षभराचे शनिवार तू बघ. माझे सगळे वार त्या एका माणसावर आहेत."

तिने मला बाहेर गॅलरीत नेऊन पाटावर बसवले. घरात नाही, गॅलरीत, सगळ्या वाडीला दिसेल असे. वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकले. कोणीतरी "काय हो गुरुजी, दिवाळी लवकर आली?" असेही विचारले. आईने वाटी माझ्या टाळूवर पालथी केली आणि दोन्ही हातांनी जिरवू लागली. तेल कानांत गेले, मानेवरून पाठीत उतरले. समोरच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "थोडं भुवयांनाही लावा." लावले.

पंधरा दिवसांची तपश्चर्या घटकाभरात बुडाली. मी रिठ्याकडे पाहिले, आईने माझ्याकडे पाहिले. आज धुवायचे नाही, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

कुटुंब हळूच म्हणाले, "मग जायचं नाही का?"

"जायचं," मी म्हणालो. "तबक स्वच्छ आहे, कापूर स्वच्छ आहे. मी एकटा घाण आहे. मी लांब उभा राहीन."

संध्याकाळी सभागृह भरले. पुराणाला येणारी मंडळी पुराणच असेल असे समजून आली होती. बुवा पोथी बांधूनच पहिल्या रांगेत बसले होते. डाव्या हाताला बायकांसाठी जागा ठेवली होती. तिथे आई मोठे ठसठशीत कुंकू लावून सगळ्यांना दिसेल अशी बसली होती, शेजारी सून. मुनसफसाहेबांनी माझ्या कपाळावरून ओघळणारे तेल पाहिले.

"सुतक फिटलं वाटतं, गुरुजी? आम्ही ऐकलं होतं. म्हणून बुवांना तयार राहायला सांगून ठेवलं."

"सुतक नव्हतंच, रावसाहेब."

"बरं, बरं. दाखवा."

पागोट्याखाली मी पंचा घट्ट गुंडाळला होता. हात राखेने घासून ताठ पुढे धरले होते आणि विचार करायचा नाही असे स्वतःला बजावले होते. तबक भरले, ओसंडवले, पट्टीने लोटले. तापलेल्या चाकूने कापूर सोडला. लोक उठून पुढे आले. कापूर नाचला! "अरे वा!" असा आवाज उठला. बुवासुद्धा मान पुढे करून बघू लागले. मी फुललो. आणि नीट समजावून सांगायला म्हणून तबकावर वाकलो.

चैत्रातली संध्याकाळ, तोंडावर दिव्यांची धग, डोक्याला आईची वाटी. घाम आणि तेल एकत्र होऊन नाकाच्या शेंड्यावर आले, तिथे क्षणभर लोंबकळले, आणि तबकात पडले.

कापूर थिजला.

मग मागून कोणीतरी म्हणाले, "दमला बिचारा." सभागृह हसले. मुनसफसाहेब पुढे वाकले, तबकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, प्रयोग संपला का?"

बुवा पोथीचे फडके सोडू लागले.

मी पळून जायला हवे होते. खरे सांगतो, पायऱ्या डोळ्यांसमोर आल्या होत्या. पण बुवांनी फडक्याची पहिली गाठ इतक्या समाधानाने सोडली, की माझे टाळकेच सरकले.

"संपला नाही," मी म्हणालो. "आता सुरू झाला. मंडळी, कापूर दमला नाही. त्याला माझ्या डोक्यानं मारलं. तेलाचा एक थेंब पडला, तो तुमच्यादेखत नाहीसा झाला. कुठं गेला? दिसतोय कुणाला?"

कोणालाच दिसत नव्हता. मी पट्टी काठाशी टेकवली आणि सबंध तबकावरून पलीकडे लोटत नेली, पलीकडचे पाणी सतरंजीवर सांडले. "अहो, सतरंजी!" मुनसफसाहेब ओरडले. मोकळ्या पाण्यावर नवा कापूर सोडला. नाचला. बोलता बोलता मी पुन्हा वाकलो, पुन्हा थेंब पडला, पुन्हा मेला. पुन्हा लोटले. सतरंजी भिजली. पुन्हा नाचला. तिसऱ्यांदा नाकाच्या शेंड्यावर थेंब जमू लागला तेव्हा सबंध सभागृह श्वास रोखून माझ्या नाकाकडे पाहत होते. पडला तसा एकच गजर झाला: "मेला!"

आता हसत होते ते कापराला. माझ्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

"पण मी म्हणते," बायकांकडून आईचा आवाज आला. मी हादरलो. बायकांनी सभेत बोलायचा रिवाज नव्हता. "थेंब एवढासा. तबक केवढं. पुरलं कसं सगळ्याला?"

साऱ्या व्याख्यानाचा हाच प्रश्न होता, आणि तो विचारायला मी विसरलो होतो. मग मी सांगितले. पोळी लाटता लाटता पातळ होते, पण एका मर्यादेनंतर फाटते. तेलालाही मर्यादा आहे. त्याचे कण पाण्यावर शेजारी शेजारी बसतात, कोणाच्या डोक्यावर कोणी नाही. त्याहून पातळ थर होत नाही, कारण त्याखाली तेल उरत नाही. "तुम्ही आता जो पाहिला नाहीत," मी म्हणालो, "तो जगातला सगळ्यात पातळ पडदा होता. पट्टीनं मी तो ओढला आणि सारला." मराठीत बोललो. वरणाला फोडणी देता येईल अशाच मराठीत.

मग कोणीतरी म्हणाले, "माझं बोट लावू का?" आणि झुंबड उडाली. ज्याने त्याने आपल्या डोक्यावरून बोट फिरवायचे, पाण्याला टेकवायचे, कापूर मारायचा. मी लोटायचे, कापूर उठवायचा. बुवांनीही शेंडीला बोट लावून एकदा मारला आणि लहान मुलासारखे हसले.

मुनसफसाहेब मात्र खुर्चीतच होते.

"ही तेल लावणाऱ्यांची गंमत आहे," ते म्हणाले. "मी डोक्याला तेल लावत नाही. जागा नाही." त्यांनी पागोटे काढले. डोके तांब्यासारखे लखलखीत होते. ते उठले, टकलावरून बोट फिरवले, लोकांना दाखवले, कोरडे असल्याची दोघांकडून साक्ष घेतली आणि पाण्याला टेकवले.

कापूर जागच्या जागी थांबला. लोकांनी आरोळी ठोकली.

"अशक्य आहे. पुन्हा लोटा."

लोटले. त्यांनी बोट धोतराला पुसले, दुसरे बोट घेतले. कापूर थांबला.

"रावसाहेब, अंगाचं स्वतःचंही तेल असतं..."

"माझ्या अंगाचं मला सांगू नका! पुन्हा लोटा."

दिव्यांतले तेल संपत आले. गडी दारात जांभया देऊ लागला. मुनसफसाहेब दहाही बोटे संपवून करंगळीकडे परत आले होते. शेवटी त्यांनी पागोटे डोक्यावर दाबून बसवले आणि चिटणीसांना हाक मारली.

"पुढच्या शनिवारी सभागृह गुरुजींना. आम्ही सकाळी चिकणमातीनं डोकं घासून येतो. मग बघू कापूर कसा थांबतो."

"आणि पुराण?" बुवांनी विचारले.

"रविवारी," मुनसफसाहेब म्हणाले. "आणि बुवा, तुम्हीही या. साक्षीला."

ते चिकणमातीने घासून आले, हरले. चण्याच्या पिठाने घासून आले, हरले. तोवर मी वाफेवर बोललो, भिंगावर बोललो, वर्षाचे शनिवार भरले. आणि प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी लोक थांबून राहत, कारण अध्यक्षांचे बोट अजून पाण्याला टेकायचे असे.